छातीवरचा हात

हे गेल्यापासून मी एकटीच इथं इंग्लंडात वॉटफर्डच्या मैदानावर फुटबॉल बघायला जाते. त्या दिवशी अमेरिका आणि जर्मनीच्या शाळकरी वयाच्या मुलींचा सामना होता. शेजारी एक निवृत्त अमेरिकन सैनिक ताठ बसले होते. पोस्टिंग जर्मनीत, लग्नही तिथंच. मुलीकडे दोन्ही पासपोर्ट, पण खेळायला तिनं आईचा देश निवडला होता.

"मला सांगताना रडली," ते म्हणाले. "तिला वाटलं, मी चिडेन."

अमेरिकेचं राष्ट्रगीत लागताच ते उठले आणि हात छातीवर गेला. जर्मनीचं सुरू झालं तरी हात तिथंच.

मागून त्यांचा सैन्यातला मित्र कुजबुजला, "अरे, आपलं संपलं!"

"माझं संपलं. पोरीचं चालू आहे."

रांगेत उभी असलेली ती मुलगी स्टँडमध्ये वडिलांनाच शोधत होती. तो हात दिसला आणि तिची मान वर झाली.

खेळ संपता संपता तिनं अमेरिकेच्या जाळ्यात बॉल मारला.

"गद्दार!" मित्र हसत ओरडला.

हे गृहस्थ मात्र खुर्चीवर चढले होते आणि माझा खांदा हलवत ओरडत होते, "बघितलंत? डाव्या पायानं मारला! माझी मुलगी आहे ती!"