घारीचं पथ्य

उंच क्रेनच्या टोकावरल्या केबिनमध्ये त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली, म्हणून बांधकामावरचे लोक त्याला घार म्हणत. खाली मुंग्यांएवढी माणसं, चहूकडे वारा आणि कानाशी कुणाची कटकट नाही, एवढ्यावर गडी खूष होता. एक दिवस शिडी चढताना छातीत कळ आली आणि तो मधल्या टप्प्यावरच मटकन बसला. झोळीत बांधून, दोर लावून त्याला खाली उतरवलं. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळपास बंद झाली होती. तिच्यात जाळी बसवली, गोळ्या सुरू झाल्या आणि कंपनीने घारीला फाटकावरच्या खोक्यात आणून बसवलं. गाडी आली की दांडा वर, गाडी गेली की दांडा खाली. पाय लांब केले की समोरच्या पत्र्याला लागत.

घरी वेगळाच पहारा. कढई माळ्यावर गेली, मीठ कुलपात. त्यातच बायकोच्या बहिणीने फोनवर सांगितलं, आर्टिचोक खाल्लं की हृदयाच्या नळ्या लख्ख होतात. झालं! दुसऱ्याच दिवशी ती भाजी ताटात आली. मिटलेल्या कमळासारखी, पण अंगाने जाड आणि टोकांना काटे. उकडायची, एकेक पान उपटायचं आणि बुडाशी चिकटलेला चिमूटभर गर दातांनी ओरबाडायचा.

"ही पानं आहेत का छपराचे पत्रे?" त्याने विचारलं.

"पत्रे असले तरी खा. अजून अर्धं राहिलंय." ती समोर बसून राहायची. ताट रिकामं होईपर्यंत उठायची सोय नव्हती.

रोज संध्याकाळी हेच. जिना उतरायचा तर ती सोबत, खिडकीशी उभं राहायचं तर "वारा लागेल." त्याचा जीव मेटाकुटीला आला, पण तिच्यापुढे हूं की चूं करायची हिंमत नव्हती. एकच आशा होती, रक्ताचा रिपोर्ट चांगला आला की सुटका.

रिपोर्ट चांगला आला. वाईट कोलेस्टेरॉल बरंच उतरलं होतं. बायकोने डॉक्टरीणबाईंपुढे लगेच आर्टिचोकचं नाव काढलं.

"मोठं काम गोळ्यांचं आहे," बाई म्हणाल्या. "आर्टिचोकच्या पानांच्या अर्काने वाईट कोलेस्टेरॉल थोडं कमी होतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. रक्तदाबही कधीकधी जरासा उतरतो. पण अडलेली नळी त्याने मोकळी होत नाही. भाजी म्हणून खुशाल खा, गोळी मात्र चुकवायची नाही. आणि पित्ताशयात खडे असतील तर आधी मला सांगा."

"मग मी वर कधी चढू?" घारीने विचारलं.

बाईंनी चष्मा काढला. "शिडी आता नाही. रिपोर्ट कितीही चांगला आला तरी तेवढ्या उंचीवर एकटं बसणं तुमच्यासाठी नाही."

बायकोच्या कानात मात्र "कमी होतं" एवढंच शिरलं. परतताना तिने पिशवी भरून आर्टिचोक घेतले. म्हणजे बिघडलं असतं तरी हेच खायचं, सुधारलं तरी हेच. त्या संध्याकाळी त्याने पहिल्यांदाच ताट सरकवलं.

"मला कोंडून ठेवलंयस तू," तो हळूच म्हणाला.

तिने सरकवलेलं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुम्हाला झोळीतून उतरवत होते ना, तेव्हा मी निरोप ऐकून धावत आले होते, फाटकाबाहेर उभी होते. आत सोडत नव्हते. झोळी वाऱ्याने गोल फिरत होती. मला काहीसुद्धा करता येत नव्हतं. आता हे एवढं येतं, तर करू द्या."

 आपल्याबरोबर हीसुद्धा त्याच दिवसात अडकून पडलीय, हे त्याला तेव्हा उमगलं. शेवटी तह झाला. आर्टिचोक आठवड्यातून दोनदा, आणि सकाळची फेरी त्याने एकट्याने मारायची. ती खिडकीतून बघणार, पण हाक मारणार नाही.

फाटकावरची नोकरी तशीच चालू आहे. क्रेनवर आता एक तरणा माणूस बसतो. तो ओझं जरा घाईने फिरवतो. खोक्यात बसलेल्या घारीची मूठ आपोआप आवळते, तो मनातल्या मनात म्हणतो, सावकाश, सावकाश. तेवढ्यात दांड्यापाशी एखादा ट्रक हॉर्न वाजवतो.