पानातला शेंदूर

आजवर हे माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. लिहायला बसले की हात दुसरीकडेच वळतो — कधी अंधश्रद्धेवर, कधी पुढाऱ्यांवर. माझं काही वाचलं असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे, मी खोट्यावर कशी तुटून पडते. मग माझ्या स्वतःच्या खोट्यावर कोण तुटून पडणार?

मी पत्रकांवर वाढले. बाबा बिंदू चौकात उभे राहून ती वाटायचे आणि उरलेल्यांच्या मी होड्या करायचे. त्यांचा नियम एकच — पत्रकाखाली आपलं नाव छापायचं. कुणी जाब विचारायला आला तर आपण घरात सापडलो पाहिजे.

नियम लक्षात ठेवा. मी तो मोडणार आहे.

गाणं मला इंदूताईंनी शिकवलं. त्या आमच्याच गल्लीतल्या, तात्याबुवांच्या कन्या. तात्याबुवा आणि हरिबुवा हे जुन्या कोल्हापुरातले दोन गवई, स्वतः चिजा म्हणजे बंदिशी बांधणारे. दोघांचं वैर इतकं गाजलेलं, की एकाची चीज दुसऱ्याच्या शिष्यानं गायची नाही, हा दंडकच. त्यातच ती कुजबुज — तात्याबुवांचा आवाज कशानं गेला? हरिबुवांनी पानातून शेंदूर खाऊ घातला म्हणे.

खरं काय ते इंदूताईंनी मला सांगितलं होतं. आवाज घशाच्या दुखण्यानं गेला. वरचा षड्ज लागेना म्हणून बुवांनी गाणंच सोडलं. तेव्हा हरिबुवा मागच्या दारानं घरी येऊ लागले. मित्रासाठी त्यांनी दरबारी रागातली एक चीज बांधली — जिचा अंतरा इतर चिजांसारखा वर चढतच नाही. सगळा खेळ खालच्या सुरांत. आणि मित्राला मिंधं वाटू नये म्हणून, बांधणाऱ्यानं चिजेत आपलं नाव गुंफायची रीत असूनही, तिच्यात स्वतःचं नाव घातलं नाही. भांडत होते ते शिष्य.

आता अजितरावांकडे येते. ते हरिबुवांचे नातू. आजोबांच्या नावानं दरवर्षी मैफल भरवायचे, स्वतःच सूत्रसंचालन करायचे. एका वर्षी त्यांनी इंदूताईंना गायला बोलावलं. ताईंनी मुद्दाम तीच चीज घेतली. का? ज्यानं ती बांधली त्याच्याच मैफलीत ती एकदा गाऊन दाखवावी, एवढंच. अंतरा आला आणि चिजेच्या स्वभावाप्रमाणे खालीच फिरत राहिला. अजितरावांनी माईक हातात घेतला आणि हसत म्हणाले, "आजी, आवाज वर चढंना झालाय, आता खाली बसायचं की!"

सभागृह हसलं. ताईंनी तंबोरा आडवा ठेवला.

आम्ही रिक्षानं परतलो. मी त्यांच्या शेजारी बसून दातओठ खात होते.

सूड घ्यायला खरं पुरेसं होतं, नाही का? ज्या चिजेवर हसलात ती तुमच्याच आजोबांची, एवढं चारचौघांत सांगितलं असतं तरी माणूस जमिनीत गेला असता. पण मग आजोबांचं मोठेपण गावभर झालं असतं. त्या घराच्या वाट्याला एकही चांगली गोष्ट जायला नको होती मला. एकही नाही.

म्हणून मी पत्रक लिहिलं. पानाचा डबा, चांदीचं तबक, हरिबुवांचं हसणं — सगळं मनानं रचलं. खाली नाव नाही. 'एक संगीतप्रेमी'. नाट्यगृहाच्या दारात गठ्ठा ठेवून आले. बाकीचं काम मोबाइलनी केलं. चहाच्या गाड्यावर मी स्वतः ऐकलं, "तरीच की, त्या घरात एकाचाबी सूर लागत न्हाय!" मी मोठ्यानं हसले. आणखी एक चहा घेतला.

पुढच्या वर्षी मैफलीच्या फलकावरच्या हरिबुवांच्या चित्राला कुणीतरी शेंदूर फासला. मैफल बंद पडली.

इंदूताईंनी पत्रक डोळ्यांजवळ धरून वाचलं. "कुठल्या मेल्यानं लिहिलंय गं हे?" मी म्हटलं, कोण जाणे. त्या म्हणाल्या, "माझे पाय चालत न्हाईत. तू जा. त्या पोराला खरं काय ते सांगून ये."

मी गेले — रंकाळ्यापर्यंत. तिथं भेळ खाल्ली. घरी येऊन सांगितलं, सांगून आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढे त्या गेल्या, त्या समाधानातच.

त्यांच्या दिवसकार्यानंतर अजितराव आमच्या दारात आले. ओळखू येईनात. चप्पल बाहेर काढून उंबऱ्यापाशी उभे राहिले. "ताई, तात्याबुवांच्या घरातलं ठाऊक असणारं आता तुम्हीच राहिलाय. खरं सांगा. आमच्या आज्यानं केलतं का ओ तसं?"

माझ्याकडे खरं होतं. दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. आणि माझ्या कानात ते सभागृह हसत होतं.

"व्हय," मी म्हटलं. "केलतं."

ते खाली बसले. तिथेच, पायरीवर, डोकं धरून. मी दारात उभी राहून बघत होते, आणि मला बरं वाटत होतं.

ते अजून त्यावरच विश्वास ठेवून आहेत. ती दरबारी मला येते. मी ती कुणाला शिकवलेली नाही.

खाली यावेळी माझं नाव आहे. घर तेच आहे.