दोन्ही हात बाहेर

विमानाच्या पंखाच्या सावलीत बसून दिनकरराव सर संत्रं सोलत होते. अकोल्याच्या धावपट्टीवरची ती आमची पहिली भेट. कॉन्व्हेंटमधून नुकतीच बाहेर पडलेली मी, दोन वेण्या घालून, विमान शिकायला म्हणून वडिलांच्या मागे उभी. सरांनी एक संत्रं माझ्याही हातावर ठेवलं आणि म्हणाले, "तुयं तू सोल." आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसले, तर बोटांना अजून तो वास येतो आहे.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. एकट्याने विमान न्यायची परवानगी देण्याआधी सर प्रत्येकाकडून गिरकी करून घेत. उंचावर मुद्दाम वेग घालवायचा, विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली जाऊ द्यायचं आणि मग सावरायचं. जमिनीवर त्याचा सराव एका लाकडी फळीवर चाले. आम्ही डोळे मिटून बसायचं, सर गिरकीची दिशा सांगत, आणि आम्ही त्याच्या उलट बाजूच्या पायाने फळी दाबायची.

वर गेल्यावर मात्र मी गोठले. गिरकी मोडायला हातातली सुकाणूची दांडी पुढे ढकलावी लागते, म्हणजे नाक आणखीच जमिनीकडे जातं. मी ती पोटाशी ओढून धरली. विमान सरांनी सावरलं.

वडील वकील. एक जरी तक्रार आली तरी शिकणं बंद, या अटीवरच त्यांनी होकार दिला होता. उतरताच त्यांनी सरांना विचारलं. मी सरांकडे डोळ्यांनीच विनवणी केली. पण सर खोटं बोलले नाहीत.

"पोरगी भेली, वकीलसाहेब. मी बी भेलो होतो पयल्यांदा. उद्या पुन्हा नेतो तिले."

उद्या डबा घेऊन येतो, एवढंच वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गिरकी सुरू होताच, पुढच्या बैठकीतल्या सरांनी आपले दोन्ही हात उघड्या बैठकीबाहेर काढून विमानाच्या कडेवर ठेवले. खाली कपाशीच्या पऱ्हाटीची शेतं, पांदणीची वाट, एक विहीर संथ फिरत होती, झोपेत दिसावी तशी. उलटा पाय. मग दांडी पुढे. शेतं थांबली. सरांचे हात तिथेच होते. पुढच्याच आठवड्यात मी एकटी उडाले.

शंभरी ओलांडेपर्यंत सरांचं आकाश निवळ राहो, नजर आणि गुडघे त्यांना साथ देवोत.

गौरव समितीला एक विनंती. माझं शिक्षण संपलं तेव्हा सरांनी निरोपाच्या दिवशी मला दिलेली ती सरावाची फळी सोबत पाठवते आहे. ती त्यांच्या नातीला द्यावी. पुढच्या महिन्यात ती विमान शिकायला जाते आहे. सोबतची माझी उड्डाणवही, प्रत्येक उड्डाणानंतर सुखरूप उतरल्याची नोंद असलेली, नातीच्या आईला द्यावी, म्हणजे तिला झोप लागेल. चांदूर बाजारची संत्री सरांना द्यावीत, न सोलता. हल्ली त्यांची बोटं थरथरतात, वेळ लागेल. शेजारी बसणाऱ्याने आपले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून थांबावं.