सात दिवसांची पट्टी

कडूबाला मी जे बोललो ते आठवलं की आजही स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. तोंड पहिल्यापासून फटकळ. त्यात हाडवैद्याचं नाव काढलं की माझं डोकंच सणकायचं.

कडूबा कन्नड तालुक्यातला. हाडं बसवायची विद्या त्याला बापाकडून आलेली. तेरा सालच्या दुष्काळात गावात प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा बायको भागूबाईला घेऊन तो शहरात, बीड बायपासला बांधकामावर आला. गावाला हंडाभर मिळेना अन् इथं भिंतींवर मारायला रोज टँकर, काय बोलावं आता? दिवसभर तो विटा वाहायचा, मुकादमाच्या शिव्या खायचा. संध्याकाळी मात्र त्याच्या पत्र्याच्या खोलीपुढं मजूर येऊन बसायचे. कुणाचं मनगट, कुणाचा घोटा. तेवढा वेळ तो वैद्यबुवा असायचा. बापाचा नेम एकच: बांबूच्या कामट्या लावून आवळलेली पट्टी सातव्या दिवसाआधी सोडायची नाही. मधेच सोडावी लागली तर त्या वैद्याची विद्या संपली, असं त्यांच्यात मानतात.

मग भागूबाईच परांचीवरून पडली. डावा हात मनगटाच्या वर मोडला. कडूबानं घरीच बसवला अन् बांधला. रोज विचारायचा, "बोटं हालतेत का? दुखतं का लई?"

ती हात पदराखाली झाकून म्हणायची, "हालतेत की. कायबी नाय दुखत."

सातव्या दिवशी पट्टी सोडली तर बोटं काळी पडलेली. तसंच रिक्षात घालून तिला आमच्याकडं आणलं. पट्टीनं रक्त अडलं होतं, हात मेला होता. आमच्या सर्जन नीरजा मॅडमनी तो कोपराखाली काढला. मी वॉर्डाबाहेर सगळ्यांदेखत कडूबाला झापलं, "ढोर बांधतात का असं? बायकोचा हात खाल्लास तू."

चार दिवसांनी तो प्लास्टरच्या खोलीत आला. "साहेब, एक इचारू? दुखल्याबिगर हात मरतो का?"

मरतो, एवढंच खोटं बोलायला हवं होतं मी. पण राग गेला नव्हता. म्हणालो, "नाही मरत. आधी जीव जाईल इतकं दुखतं. दोन-दोन दिवस. मग बधिर होतो."

तो म्हणाला, "म्हंजी ती माझ्यापायी खोटं बोलली," अन् निघून गेला. दवाखान्यात पुन्हा आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी ड्रेसिंगला गेलो. भागूबाईनं माझ्याकडं पाहिलं नाही. पट्टी सुटल्यावर म्हणाली,

"दुखतं ते तुमी सांगितलं त्यांना? पुन्हा हाडाला हात लावायचा नाय म्हणत गेले."

"सांगितलं."

"कशापायी?" आता तिनं माझ्याकडं पाहिलं. "गाव गेलं. जमीन करपली. मुकादम कुत्र्यावाणी हाकतो त्यांना. तेवढी एक विद्या ऱ्हायली व्हती. ती ऱ्हावी म्हणून मी दात खाऊन पडले सात दिवस. हात गेला तर गेला म्हणलं. अन् तुमी एका बोलण्यात सगळं मातीत घातलं."

माझ्या हातात तिचा उरलेला हात होता. मी त्यावर नवी पट्टी बांधायला घेतली.