तीन विषयांचा एक वर्ग

कॉमर्स विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, एक खोली होती. दोन टेबलं, एक कपाट आणि अर्धीच उघडणारी खिडकी. तिथे दोघी बसायच्या. एक टॅक्सेशन शिकवायची, दुसरी अकाउंट्स. विद्यार्थ्यांनी त्यांची खरी नावं कधीच बाजूला टाकली होती. एक टॅक्सबाई, दुसरी अकाउंटबाई.

टॅक्सबाई एकटी राहायची. आईवडील गेलेले, भाऊ दूर कुठेतरी स्थायिक झालेला. तो वाढदिवसाला फोन करायचा, कधी कधी वाढदिवस उलटून गेल्यावर. लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. त्याचं तिला फारसं काही वाटत नसे, कारण दिवसभर समोरच्या टेबलावर हक्काचं माणूस होतं. "ही माझ्याशी बोलते त्याच्या दुप्पट तुमच्याशी बोलते," असं अकाउंटबाईचा नवरा म्हणायचा, आणि त्यात तक्रार कमी, सुटकेचा आनंदच जास्त असायचा.

एकदा एक विद्यार्थिनी तणतणत खोलीत आली.

"बाई, एकाच मशीनचा घसारा अकाउंट्सच्या तासाला एक येतो आणि टॅक्सच्या तासाला भलताच. खरा कोणता?"

"दोन्ही खरे," टॅक्सबाई म्हणाली. "एक धंदा स्वतःच्या हिशेबासाठी काढतो, दुसरा कर भरताना सरकार मान्य करतं."

"मग हे आम्हाला एकत्र का नाही सांगत कोणी?"

मुलगी गेली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. टॅक्सेशन, अकाउंटिंग आणि फायनान्स मिळून दोन वर्षांचं एकच स्पेशलायझेशन काढायचं, हे तिथे ठरलं. एकच काल्पनिक धंदा घ्यायचा आणि तो तिन्ही विषयांत चालवायचा. त्याचा ताळेबंद, त्याचा कर, त्याचं कर्ज.

धंदा म्हणून त्यांनी लाकडी खुर्च्यांचा कारखाना घेतला. अकाउंटबाईने त्याला एक मालक दिला: अत्यंत संशयी, चार आणे सुटले तर चार माणसांना विचारणारा. आणि खरं काम करणारी त्याची वहिनी. "ही नसती तर हा खुर्चीवर बसायच्याही लायकीचा नाही," असं म्हणून दोघी इतक्या हसायच्या की शेजारच्या खोलीतले सर भिंतीवर टकटक करायचे.

आराखडा निम्मा झाला आणि अकाउंटबाईच्या मुलीला जुळं झालं. मुलगी दुसऱ्या शहरात, जावई फिरतीवर. अकाउंटबाईने स्वेच्छानिवृत्ती घ्यायचं ठरवलं.

"वर्षभराचा तर प्रश्न आहे गं," ती म्हणाली.

"स्वेच्छानिवृत्ती वर्षभराची नसते."

"म्हणजे मी तिथे जाऊन तुला विसरणार आहे का?"

टॅक्सबाईने मैत्रिणीची पुस्तकं खोक्यात भरली आणि सुतळी इतकी आवळून बांधली की रिक्षावाल्याला खोकं उचलताना बोटही घालता येईना. रडली ती अकाउंटबाई. टॅक्सबाईने तिला खाली सोडलं, वर आली आणि तास घ्यायला गेली.

समोरचं टेबल रिकामं झालं. आठवडाभर तिथे कोणी काही ठेवलं नाही. मग शिपायाने उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणून टाकले आणि ते तसेच राहिले. डबा ती आता उभ्या उभ्या खायची. काही गमतीचं घडलं तर तोंड उघडायची, समोर गठ्ठे दिसायचे, तोंड मिटायची.

आराखडा मात्र तिने सोडला नाही. अकाउंट्सचा भाग नव्याने वाचून काढला, अडलं तिथे ग्रंथालय गाठलं. फायनान्ससाठी विभागात नुकताच एक तरुण प्राध्यापक आला होता. किडकिडीत, पडेल आवाजाचा, वर्गाबाहेर कोणाशी न बोलणारा. तिने त्याला गाठलं. तो "बरं मॅडम" म्हणाला आणि काम चोख करून देऊ लागला, त्यापलीकडे एक शब्द नाही.

अभ्यास मंडळाच्या बैठकीत विभागप्रमुखांनी चष्मा पुसत विचारलं, "मॅडम, एका वर्गात तीन शिक्षक उभे करायचे, मग बाकीचे वर्ग कोणी घ्यायचे? भिंतींनी?"

सगळे हसले. टॅक्सबाई हसली नाही.

"सगळे तास नकोत. आठवड्यातून एक द्या. त्या तासाला मी, फायनान्सचे सर आणि आता अकाउंट्स घेणारे शेजारच्या खोलीतले सर, असे तिघं एकत्र असू."

"आणि तो एक तास नाही दिला तर?"

"तर मग हे स्पेशलायझेशन नाही, तीन जुन्या विषयांची मोळी आहे. ती मला बांधायची नाही."

बरीच ओढाताण झाली, पण तो एक तास तिने मिळवला. बैठक संपल्यावर जिन्यातच उभं राहून तिने फोन लावला.

"झालं गं! मंजूर झालं!"

"काय? थांब हं, हा दूध सांडतोय... हां, बोल. काय मंजूर झालं?"

"आपलं स्पेशलायझेशन."

"अगं हो, ते! वा वा! करा आता मजा. ऐक ना, मी तुला नंतर फोन करते."

टॅक्सबाई फोन हातात धरून पायरीवर बसली. करा, असं म्हणाली. करूया नाही. पोरं रडत होती, तिचे हात भरलेले होते, हे सगळं टॅक्सबाईला समजत होतं. पण समजल्यामुळे काही कमी होईना. नंतरचा फोन त्या दिवशी आला नाही.

पहिल्या वर्षाला मोजकी मुलं आली, पण वर्ग चालला. दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर फायनान्सवाला खोलीत आला आणि दारातच उभा राहिला.

"मॅडम, हा कारखाना बुडवायला हवा. सगळं सुरळीत चाललं तर मुलं काय शिकणार?"

"तो बुडणार नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

तो निमूट निघून गेला. ती घरी आली, कुलूप काढलं, दिवा लावला आणि चप्पल न काढता खुर्चीत बसून राहिली. त्या मालकाचा संशयी चेहरा, ती वहिनी, ते हसणं, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक आता दुधाच्या बाटल्या उकळत होतं. आणि वर्गातली मुलं तर कारखाना कसा बुडतो ते बघायलाच आली होती.

सकाळी ती स्वतः त्याच्या टेबलापाशी गेली.

"बुडवा. पण मालकाच्या वहिनीला काही होता कामा नये."

"वहिनी? मॅडम, तिचं कर्जाच्या कागदांत नावच नाही."

"म्हणूनच वाचेल."

तो हसला. विभागात रुजू झाल्यापासून पहिल्यांदा.

त्या वर्षी पेन्शनच्या कामासाठी अकाउंटबाई येऊन गेली. तिघांच्या त्या तासाला मागच्या बाकावर बसली. तास संपल्यावर म्हणाली, "छान शिकवता गं तुम्ही." मग जुळ्यांचे फोटो दाखवले. टॅक्सबाईने ते सगळे नीट पाहिले, कोण कोणता तेही विचारलं. स्टँडवर बस लागेपर्यंत दोघी बाकड्यावर बसल्या.

"ये ना तिकडे राहायला."

"येईन की."

"येणार नाहीस तू."

"नाही," टॅक्सबाई म्हणाली, आणि मग दोघींनी एकमेकींचा हात घट्ट धरला. बस आली.

पुढे स्पेशलायझेशन स्थिरावलं. मुलं नोकऱ्यांना लागली. बहुतेकांनी पुन्हा तोंड दाखवलं नाही, आणि ते बरोबरच होतं. टॅक्सबाई घरी जायची ते अजूनही अंधाऱ्या घरात, आणि रविवार तिला सगळ्यात लांब वाटायचा.

अशाच एका रविवारी तिने फायनान्सवाल्याला चहाला बोलावलं. तो आला, खुर्चीच्या टोकावर बसला. व्याजदरांवर थोडं बोलणं झालं, मग खिडकीबाहेरच्या बांधकामावर. त्याने दोन कप चहा घेतला आणि उठला.

"पुढच्या रविवारी येऊ का?" त्याने चपला घालताना, खाली बघूनच विचारलं.

"या," ती म्हणाली.