झटकाबाईंचं राहून गेलेलं भाषण

झटकाबाईंबरोबर मी शेवटचं काम केलं ते कुसळं काढायचं. दौंड स्टेशनात गाडीला अवकाश होता. सकाळी केडगावकडच्या ओढ्याकाठी उंदरांचे पिंजरे उचलून आम्ही तसेच स्टेशनावर आलेलो. बाई बाकड्यावर बसल्या, बूट काढले, एक मोजा मला दिला आणि एक स्वतः घेतला. सत्काराला निघालेली बाई अनवाणी बसून कुसळं उपटतेय, हे बघून चहावाला म्हणाला, "मॅडम, नवे घ्या की मोजे." बाई म्हणाल्या, "तू तरी चहात पावडर कुठं नवी टाकतोस?" तो हसला. मीही हसलो. त्यानंतर मी हसल्याचं मला आठवत नाही.

त्यांचं खरं नाव मोठं होतं, मागं पदव्या लागलेलं. पण शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर त्या झटकाबाईच. रानातून कुणी येताना दिसलं की लांबूनच ओरडायच्या, "झटका! आधी कपडे झटका!" पुण्याहून आलेल्या एका बड्या साहेबालासुद्धा त्यांनी उंबऱ्याबाहेर कोट काढून झटकायला लावला होता. पोरं मागून नक्कल करायची. बाई नक्कलही दुरुस्त करून द्यायच्या, "आणखी मोठ्यानं ओरड, ऐकू आलं पाहिजे."

बाईंचं सगळं संशोधन एका तापावर. गवतात एक किडा असतो, उंदरांच्या अंगावर पोसणारा, गोचिडीपेक्षा कितीतरी बारीक, डोळ्याला न दिसणारा. चावला तरी कळत नाही. पण चावल्या जागी बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली येते, तीही काखेत, कमरेला, झाकल्या जागी. खपली वेळेत दिसली तर साध्या गोळ्यांनी माणूस उठून बसतं. नाही दिसली तर जातं. मी सातवी नापास माणूस, बाईंच्या जीपचा ड्रायव्हर. एवढं मला कळतं, कारण माझी बायको ठकूबाई याच तापानं गेली.

ठकूबाई घोड नदीच्या काठानं मेंढरं वळायची. बापजाद्यांची रीत. घरची शेती झाली तरी तिनं पाच-सहा मेंढरं सोडली नव्हती. पावसाळा सरताना ती तापली. बाई घरी आल्या. मागं दोन शिकाऊ डॉक्टर, दोघंही पुरुष. बाई म्हणाल्या, "लुगडं थोडं सैल करा, अंग बघू द्या." ठकूबाईनं पदर आणखीच आवळला. "बया, ही पोरं उभी हायती की! गडीमाणसांम्होरं मी न्हाई उघडी व्हायची. गोळी द्या आन् जावा." बाईंनी फार ताणलं नाही. हिवतापाच्या गोळ्या दिल्या, रक्त घेतलं. रक्ताचं काही कळायच्या आत ठकूबाई गेली. बायका शेवटची अंघोळ घालत होत्या तेव्हा लुगड्याच्या गाठीखाली, कमरेला, ती काळी खपली सापडली.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. एकट्या नाही, त्या दोन्ही पोरांना घेऊन. घरात खाली मान घालून बसलेल्या सगळ्या भावकीसमोर म्हणाल्या, "महादबा, चूक माझी आहे. पोरांना बाहेर काढायचं मला सुचलं नाही." भावकीतला एकजण अंगावर धावला. मी त्याला धरला. बाई बसून राहिल्या. पोरांनाही बसवलं. पुढं त्यांचा तो नेमच झाला. आपल्या हातून पेशंट गेला की त्याच्या घरी जायचं, शिकाऊ पोरांना न्यायचं आणि लोक बोलतील ते ऐकायचं. पोरं घाबरायची. "शिव्या खाल्ल्याशिवाय डॉक्टर होत नसतं," बाई म्हणायच्या.

मी पुन्हा जीपवर गेलो तेव्हा बाईंनी ठकूबाईचं एखादं जुनं लुगडं मागितलं. मला राग आला. म्हटलं, "कशाला? पुसायला?" त्या म्हणाल्या, "पडद्याला. नऊ वार आहे, चारी बाजूंनी पुरेल." मी हिरवं दिलं. जिथं बाईमाणूस तापानं पडलेलं असेल तिथं मी ते लुगडं बांधायचं, गड्यांनी बाहेर थांबायचं, मग तपासणी. "आधी लुगडं, मग थर्मामीटर" हे बाईंचं पोरांना पहिलं शिकवणं. त्या लुगड्याआड किती बाया वाचल्या ते मी मोजलं नाही. माझी एक वाचली नाही, एवढं ठाऊक आहे.

नवी पोरं आली की पहिल्याच दिवशी बाई त्यांना जीपभोवती उभं करून सांगायच्या, "एक बाई होती. मेंढरं राखायची." मग सगळं सांगायच्या, स्वतःची चूक न झाकता. मी स्टेअरिंगवर बसून ऐकायचो. त्यांना वाटायचं मला त्रास होतो. त्रास व्हायचाच. पण घरात ठकूबाईचा विषय कुणी काढत नव्हतं. सून नवी, मुलगा रांजणगावात शिफ्टवर. वर्षातून एकदा तरी कुणीतरी तिच्याबद्दल बोलतंय, यासाठी मी ती नवी पोरं यायची वाट बघायचो.

यंदा बाईंना बक्षीस जाहीर झालं. आपल्यासारख्या उष्ण मुलखातल्या रोगांवर काम करणाऱ्यांत जो पुढची माणसं घडवतो, त्याला मिळणारं. फोन आला तेव्हा बाई पिंजरा धूत होत्या. "घडवणं कसलं?" मला म्हणाल्या. "मी आयुष्यभर पोरांना एकच चूक सांगत आले."

आता दौंडच्या बाकड्यावर, मोजा हातात धरून, त्यांनी विचारलं, "महादबा, परवा तिथं भाषण करायचंय. इतकी वर्षं 'एक बाई' म्हणाले. तिथं नाव घेऊ का? तुम्ही नको म्हणालात तर बक्षीसही नको."

मी म्हटलं, "घ्या. ठकूबाई म्हणा. नुसतं ठकूबाई न्हाई, घोडनदीची ठकूबाई. नायतर ती म्हणंल, कंची ठकू?"

"घोडनदीची ठकूबाई," बाईंनी म्हणून बघितलं. गाडी हलली तेव्हा खिडकीतून पुन्हा म्हणाल्या. मी हात केला. हातात त्यांचा मोजा तसाच राहिला होता.

सोलापूरच्या अलीकडं त्यांच्या छातीत दुखायला लागलं. संध्याकाळी त्यांच्या भाच्याचा फोन आला, बाई गेल्या. त्यानं त्यांना तिकडूनच गावी नेलं. मला तोंडसुद्धा दिसलं नाही.

बक्षीस पुढं त्यांच्या एका शिष्यानं घेतलं. मुलानं मोबाईलवर दाखवलं. चांगला बोलला पोरगा, रडलासुद्धा. म्हणाला, "एका ग्रामीण महिलेच्या मृत्यूनं मॅडम बदलल्या." टाळ्या पडल्या. मी मुलाला म्हटलं, बंद कर.

पण ही नंतरची गोष्ट. भाच्याचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप काढली. रांजणगावच्या कंपन्यांमागं माळावरच्या खोल्यांत परमुलखातली एक बाई तापली होती. पोरं नवीन होती, त्यांचा पहिलाच दिवस. जीपभोवती कुणी उभं राहिलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. मी लुगडं बांधलं, गड्यांना बाहेर काढलं. एक पोरगी आत जाता जाता म्हणाली, "मामा, साडी कुणाची?"

"ठकूबाईची," मी म्हटलं. "घोडनदीची."

"रंग छान आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

काम झालं. पोरं गवतातून आली आणि तशीच जीपमध्ये चढायला लागली, कपड्यांना कुसळं घेऊन. ओरडायला मी तोंड उघडलं. मग खाली उतरलो आणि एकेकाची पाठ हातानं झटकत गेलो.