चोरीची वेल

अक्का कुठल्याही झाडाचा देठ आधी चिमटीत धरून दाबून बघायच्या. घट्ट लागला की “कडक हाय की!” म्हणून पुढं सरकायच्या. मेथीची जुडी असो नाहीतर आजारातून उठलेल्या माणसाचा दंड, परीक्षा तीच. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल. शुक्रवार पेठेत ती माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होती.

त्या वर्षांत, म्हणजे सत्तरच्या दशकात, आमच्या गल्लीत मनी प्लांटचं भलतंच खूळ आलं होतं. अक्कांच्या लेकीनं कुठूनसा एक तुकडा आणून तुपाच्या रिकाम्या डब्यात लावला आणि बघता बघता वेल दारावरून फिरून खिडकीत शिरली. ही वेल मागून आणली तर जगत नाही, चोरूनच आणावी लागते, अशी सगळ्यांची खात्री. म्हणून दारात कुणी रेंगाळलं की अक्का मोठ्यानं सांगायच्या, “मी आत चालले गं बाई, मला काय दिसत न्हाय!” आणि आत भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायच्या. एकीला कात्री सापडेना, तर आतूनच ओरडल्या, “कोनाड्यात हाय बघ!” माझी वेलही अशीच चोरीची.

लेक लग्न होऊन बार्शीला गेली. निघताना म्हणाली, “आई, हिला जप. ही मेली तर मी न्हाय येणार माहेराला.” चेष्टाच होती ती, पण अक्कांनी मनात धरून ठेवली.

पहिल्या बाळंतपणाला लेक येणार असं ठरलं आणि नेमकी तेव्हाच वेल पिवळी पडायला लागली. अक्का मला हाताला धरून घेऊन गेल्या. बुडाशी चिमटीत धरला तर देठ बोटातच पिचला. कुबट वास आला. “अय्यो, मऊ लागतंय की गं,” एवढंच म्हणाल्या. कुजलेलं सोडून वरचं वाचवू म्हणून आम्ही कात्री घेतली. कापलं तर आत तपकिरी. आणखी वर कापलं, तिथंही तपकिरी. शेंड्यापर्यंत गेलो तरी धड काही हाती लागलं नाही.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. घरातल्या लिंगपूजेचं पाणी पायदळी येऊ नये म्हणून लेक ते रोज गल्लीच्या टोकाच्या बेलाला घालून यायची. ती गेल्यावर गुडघेदुखीपायी अक्का ते या डब्यात ओतत होत्या आणि डब्याला भोक नव्हतं.

“पाणी फार झालं, अक्का.”

“देवाचं पाणी फार कसं हुईल?” त्या माझ्यावर उखडल्या. मग मटकन खाली बसल्या. “माज्या पोरीचं काय वाईट न्हाई न्हवं व्हायचं?”

मी माझ्या वेलीचा तुकडा आणायला उठले, तर पदर धरून अडवलं. “देऊ नगंस! दिलेलं जगत न्हाय.”

मग काय, मी घरात गेले, भिंतीकडं तोंड केलं आणि ओरडले, “मला काही दिसत नाही हो!” माझ्या दारात अक्का चोरी करत होत्या. मधेच आवाज आला, “कुटनं कापू गं?”

“गाठीच्या खालून,” मी भिंतीला सांगितलं.

तो तुकडा त्यांनी बाटलीतल्या पाण्यात ठेवला. पांढरी मुळं फुटल्यावर बाटली घेऊन गल्लीभर फिरल्या. वेलीला त्या कानडीत बळ्ळी म्हणायच्या. “माज्या बळ्ळीचीच लेक की ती. माहेराला आली बघा!” मग डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, आणि पूजेचं पाणी घेऊन गुडघे धरत धरत स्वतः बेलापर्यंत जायला लागल्या. लेक आली, सुखरूप बाळंत झाली. अक्कांनी नातवाचाही दंड दाबून पाहिला.

पुढं अक्का गेल्या. घर बंद झालं आणि बंद दाराआड ती वेलही गेली. मला त्यांची इतकी सवय झाली होती की कितीतरी दिवस भाजी घेताना मी मागं वळून बघायची.

एकदा लेक आली. कुलूप उघडून सगळं घर फिरली आणि जाताना माझ्या वेलीपाशी थबकली. मला कळलं. “मी आत चालले गं बाई, मला काय दिसत न्हाय!” म्हणून मी आत वळले. बराच वेळ कात्रीचा आवाज येईना, म्हणून डोकावले.

तिनं देठ चिमटीत धरला होता.

“कडक हाय की, काकू,” ती म्हणाली.

मी पुन्हा आत जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. या वेळी मला खरंच काही दिसत नव्हतं.